चालू जोड

६ जानेवारी

लुकड्या,

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील, म्हणून अक्षर नीट काढतो आहे. साहेब, नमस्कार. यात दोन भावांच्या गोष्टींशिवाय काही नाही, तरी पत्र पुढे जाऊ द्यावं.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिलं नाहीस. तू मारलंस आणि आत गेलास, मी मार खाल्ला आणि घरी राहिलो. आधी कोणी लिहावं हे ठरवायला कोणाला विचारणार? मी मोठा आहे, म्हणून मीच लिहितो.

तब्येतीचं कळवतो. कवटीचं हाड कधीच जुळून आलं. कानाच्या वर बोटभर खळगा राहिला आहे. तुझी वहिनी म्हणते, तेल लावलं की तिथे तळं होतं. पण उजव्या डोळ्यामागच्या रक्तवाहिनीवरचा फुगवटा अजून आहे. मागच्या वर्षी त्याच्यावर इलाज केला. मांडीतून तार घालून ती डोक्यापर्यंत नेली, आणि फुगवट्याच्या तोंडावरून बारीक जाळीची नळी बसवली. स्टेंट म्हणतात तिला. रक्ताने नळीतून सरळ पुढे जावं, फुगवट्यात शिरू नये. आत अडकलेलं रक्त थिजावं, आणि वर्षभरात तोंड बुजून जावं. असं होणार होतं.

काल वर्षाची तपासणी झाली. बुजलं नाही. उलट थोडा वाढला आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुष्कळांचं बुजतं, काहींचं नाही, तुम्ही त्या काहींत निघालात. कधी फुटेल ते सांगता येत नाही. कदाचित फुटणारही नाही.

तुला कळवणं माझं काम होतं, ते केलं. मी तुला माफ केलं आहे. सकाळच्या प्रार्थनेत रोज तुझं नाव घेतो.

तुझा
दादा


१९ जानेवारी

लुकड्या,

तुझं उत्तर नाही. मागचं पत्र पाकिटात घालायच्या आधी वहिनीने वाचलं होतं. तेव्हा काही बोलली नाही. काल भाजी चिरता चिरता म्हणाली, "माफ केलंत म्हणे."

मी म्हटलं, "केलं."

"बरं झालं. तो बिचारा तुमच्या माफीवाचून अडून बसला होता."

ती थांबेना. "देवापुढे बसलात की डोळे मिटता आणि उठलात की हात उचलता. तुमच्या देवाला मधलं काही दिसत नाही का?"

पूर्वी असं बोलली असती तर ताट भिंतीवर गेलं असतं. आता मी वाकलो तरी घेरी येते. ती हे ओळखून आहे. बोलायला तिने माझ्या दुखण्याची वाट पाहिली असं म्हणत नाही, पण सोय झाली तिची.

मग मी विचार करत बसलो. तू मारलंस आणि आत गेलास असं मी लिहिलं, ते खोटं नाही, पण अर्धं आहे. त्या दिवशी आधी मी मारलं. हे साहेबांनी वाचलं तरी हरकत नाही.

बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा, मी एकोणीसचा. मास्तर आम्हाला मारत, बाबा मला मारत, आणि मी सरळ निघालो, म्हणून मारण्यात काही वावगं असतं असं मला वाटलंच नाही. पाण्याच्या रबरी नळीचा हातभर तुकडा मी दाराच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. तुझ्यासाठीच. शाळा चुकवलीस, नळी. दूध सांडलंस, नळी. सोळाव्या वर्षी तू म्हणालास, "दादा, आज कशाबद्दल ते आधी सांग, मग मी शर्ट काढतो." मला ते उद्धट वाटलं. मी नळी टाकली आणि मूठ वापरली. तुझा पुढचा दात ओट्याखाली गेला, तो आपण दोघांनी झाडूने शोधला. तू हसत होतास, तोंडातून रक्त येत होतं. मीही हसलो. इतके दिवस मला त्यातलं हसणंच आठवायचं.

तुझे वकील परवा घरी आले होते. तू पाठवलं नव्हतंस, आपणहून आलो म्हणाले. तपासणीचं त्यांना कुठून कळलं देव जाणे. वहिनीकडे पाहिलं तर ती चहा गाळत होती. वकील म्हणाले, "तुमच्या साक्षीत असं आहे की या माराने डोक्यात फुगवटा आला. आता हा फुगवटा फुटून तुम्ही गेलात, तर तुमच्याच तोंडचा पुरावा आहे की भावाच्या माराने गेलात. मग मारहाणीचं प्रकरण मारहाणीचं राहणार नाही."

मी विचारलं, "काय होईल?"

ते म्हणाले, "सध्या तीन वर्षं राहिली आहेत त्याची. पुढचं तुम्हीच ओळखा."

मी ओळखलं. तेव्हापासून रक्तदाबाचं यंत्र उशाशी ठेवलं आहे. शिंक आली तरी नाक दाबून धरतो. आयुष्यात प्रथमच तुझ्यासाठी जपून राहतो आहे.

दादा


२ फेब्रुवारी

लुकड्या,

डॉक्टरबाईंकडे पुन्हा जाऊन आलो. मला एकच विचारायचं होतं, जाळी फसली का. माझ्या मनात उत्तर तयार होतं. ते आधी तुला सांगतो.

जाळी बसवल्यावर रक्त पातळ राहायच्या गोळ्या घ्याव्या लागतात, रोज, न चुकता. त्या गोळ्यांनी अंगावर पटकन डाग पडतात. बस थांबताना दांड्याला दंड घासला तरी निळा डाग. दाराला कोपर लागलं, निळा. तिसऱ्या महिन्यात अंघोळीला बसलो होतो, हातांकडे पाहिलं आणि तांब्या सुटला. दंडावर चार बोटांचे आणि पाठीमागे अंगठ्याचा, असे डाग होते. वहिनीने मला पलंगावरून उठवताना धरलं होतं, एवढंच झालं होतं. पण ते हात माझे नव्हते रे. तुझ्या नवव्या वर्षापासून मी ज्या हातांवर असे डाग पाहिले, ते तुझे हात माझ्या खांद्यांना लागले होते.

त्या दिवसापासून मी गोळ्या मोरीत टाकायला लागलो. दोन महिने. डाग गेले. मग बोटांना मुंग्या आल्या, भ्यालो, आणि परत सुरू केल्या. हे मी कोणाला बोललो नव्हतो. मला वाटत होतं, म्हणूनच फुगवटा बुजला नाही. मी औषध टाकलं आणि देवाने मला टाकलं.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या. "मिस्त्री, गोळ्या बंद केल्यावर जाळीतच गुठळी होते. मेंदूचं रक्त तुटतं. अर्धं अंग लुळं पडून तुम्ही इथे चाकाच्या खुर्चीवरून आला असता. नशीब थोर म्हणून चालत आलात."

मी म्हटलं, "म्हणजे त्यामुळेच फसलं."

"नाही. ते वेगळं संकट होतं, टळलं. फुगवटा भरतो आहे तो वेगळ्या कारणाने." त्यांनी कागदावर वाकडी नळी काढली, तिच्यावर फुगा काढला. "जाळी फसायची कारणं असतात. वळणावर ती भिंतीला नीट टेकली नाही, तर मागच्या फटीतून रक्त शिरतं. कधी जाळी जागेवरून सरकते. कधी फुगवट्याचं तोंडच फार मोठं असतं. तुमच्यात यातलं काही नाही. जाळी सुरेख बसली आहे. पण हे बघा." फुग्याच्या पोटातून त्यांनी एक बारीक रेघ बाहेर काढली. "ही धमनी डोळ्याला रक्त देते. बहुतेकांत ती मोठ्या नळीतून निघते. तुमची फुगवट्यातूनच निघते. डोळा रक्त मागतो. तो मागतो आहे तोवर रक्त जाळीतून आत जाणार आणि इथून बाहेर पडणार. वाहतं आहे तोवर थिजणार नाही, आणि थिजल्याशिवाय बुजणार नाही."

"हे आधी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. अशातही बऱ्याचदा बुजतं, डोळ्याला दुसरीकडून रक्त मिळायला लागतं. वाटलं तुमचंही बुजेल. नाही बुजलं."

मी म्हटलं, "बाई, माझ्या हातून जे झालं त्याचा याच्याशी काहीच संबंध नाही?"

त्या म्हणाल्या, "देवाचं मला माहीत नाही, मिस्त्री. ही फांदी तुम्ही जन्माला आलात तेव्हापासून इथे आहे." आणि पुढे, जरा मऊपणाने, "तुम्ही नळाचं काम करता ना? तुम्हाला काय सांगायचं. खाली चालू जोड असला तर वरून पट्टा मारून काय उपयोग?"

माझ्या कानांत पाणी भरल्यासारखं झालं. त्यांनी मला झोपवून नाडी पाहिली. त्यांना वाटलं डोक्याचंच काही झालं.

साहेबांना कळावं म्हणून लिहितो, तुला तर माहीतच आहे. त्या दिवशी पाण्याच्या मोठ्या लाइनला फुगारा आला होता, एका जागी नळ फुगून गळत होता. खड्ड्यात तू होतास, वर मी आणि सहा जण. मी फुगाऱ्यावर आवळायचा लोखंडी पट्टा खाली सोडला आणि बोल्ट आवळायला सांगितलं. तू हाताने चाचपून म्हणालास, "दादा, पट्टा धरणार नाही. खाली जुना जोड आहे, चालू. पाणी चाललंय त्यातून, हाताला लागतंय. आधी तो बंद करू."

मी म्हटलं, "नकाशात नाही."

तू म्हणालास, "नकाशाला हात लावून बघ मग."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. मी खड्ड्यात उतरलो आणि तुझ्या बरगडीत लाथ घातली. कडकन वाजलं. तू गुडघ्यांवर आलास. मी मान धरली आणि तुझं तोंड गढूळ पाण्यात दाबलं. "दाखव जोड, दिसतो का?" वर काढलं, तुला खोकला आला, चिखल उडाला, आणि तू म्हणालास, "आहे." मी पुन्हा दाबलं. जास्त वेळ. वर काढलं. तू म्हणालास, "आहे, दादा." तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तुझे पाय झाडायला लागले. वरून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, मी सोडलं नाही. मला तुला जिवे मारायचं होतं की नाही, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारतो आहे. माझ्या हाताने तेव्हा विचारलं नव्हतं.

तू चिखलातून पाना घेऊन वर आलास आणि एकदाच मारलंस.

पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल. आपल्या दोघांना दोन गाड्यांतून नेल्यावर लोकांनी माझाच हुकूम पाळला. पट्टा आवळला, पाणी पुन्हा दाबाने सोडलं. वीस मिनिटांत पट्टा उडाला तो काठावरच्या फिटरच्या जबड्यावर. खालचं हाड तीन ठिकाणी मोडलं. तो अजून पातळच खातो. त्याची बायको मला रस्त्यात भेटते आणि रस्ता ओलांडते. मग पोकलेन लावून खणलं. जोड होता, तू म्हणालास तिथेच.

दादा


५ फेब्रुवारी

साहेब,

पहिल्या पत्रात विनंती केली होती की पत्र पुढे जाऊ द्यावं. आज विनंती अशी की हे नीट वाचावं, जमल्यास दोनदा, आणि वाचल्याची नोंद करावी. मग माझ्या भावाला द्यावं.

लुकड्या, हाड मोडलं म्हणून डोक्याची तपासणी झाली आणि त्यात फुगवटा सापडला. त्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर चौथ्या दिवशी माझ्या पलंगाशी बसले. म्हणाले, "हा फुगवटा माराचा नाही. फार जुना आहे, भिंत बघूनच कळतं. मार बसला म्हणून फोटो काढला, फोटो काढला म्हणून सापडला. नाहीतर एक दिवस कळायच्या आत गेला असता. भावाचे आभारच माना." ते हसले. त्यांना वाटलं मीही हसेन. त्यांनी ते लिहूनही दिलं. तीन पानं होती, हे तिसऱ्या पानावर होतं.

हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी त्यांना दोन पानं दिली. तिसरं उशीच्या अभ्र्यात घातलं. मी सांगितलं, "माझ्या डोक्यात फुगा आला, त्याच्या मारामुळे." मी सांगितलं, "तीन वार केले. चौथा करणार होता, लोकांनी धरला." लोकांनी कोर्टात तेच सांगितलं. मी त्यांचा मुकादम आहे. ते तरुण डॉक्टर तोवर बदलून गेले होते. त्यांच्या जागी जे आले त्यांनी समोर होतं तेवढं वाचून दाखवलं.

तू पिंजऱ्यात उभा होतास. मी "तीन" म्हणालो तेव्हा तू मान वर केलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू नुसता बघत राहिलास. खड्ड्यात बघत होतास तसा.

खरं असं आहे. तू एकदा मारलंस. दुसऱ्यांदा पाना उचललास, मी चिखलात उताणा होतो, डोळे उघडे होते, मला सगळं दिसत होतं. तू पाना टाकलास. मग खाली बसून माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि जखमेवर तळवा दाबून धरलास. तुझ्या मोडक्या बरगडीमुळे श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तू म्हणत होतास, "दादा, हलू नको. दादा, हलू नको." गाडी येईपर्यंत तू तळवा काढला नाहीस. त्या हाताने मी वाचलो असं ते तरुण डॉक्टरही म्हणाले होते. तेही तिसऱ्या पानावर आहे.

मी खोटं का बोललो? मोठ्या भावाचं तोंड चिखलात दाबलं गेलं असतं तर लोक म्हणाले असते, काय धाकटा आहे. धाकट्याचं दाबलं गेलं तर म्हणतात, काय मोठा आहे, वळण लावतो. मला ते तसंच राहू द्यायचं होतं. तू सहा जणांसमोर खरा ठरत होतास आणि मी उताणा पडलो होतो. याहून मोठं कारण सापडत नाही. शोधलं.

आणि माफ केलं असं मी लिहिलं होतं. ते मागे घेतो.

दादा


१२ फेब्रुवारी

लुकड्या,

उद्या सकाळी सातला माझं डोकं उघडणार आहेत. फुगवट्याच्या मानेला बाहेरून चिमटा लावायचा. आत जाळी आहे, ती आता काढता येत नाही, त्यामुळे चिमटा हवा तसा मिटेल याची बाईंना खात्री नाही. डोळ्याची धमनी कदाचित बंद करावी लागेल. उजवा डोळा गेला तरी चालेल असं मी लिहून दिलं. सही करताना वहिनी म्हणाली, "एका डोळ्याने तरी नीट बघा." नर्स आधी हसली आणि मग ओशाळली.

परवा वकिलांना घेऊन चौकीत गेलो होतो. हवालदार तेच, मिशी पांढरी झाली आहे. तिसरं पान टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, वकिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मिस्त्री, खोट्या साक्षीबद्दल तुम्ही आत जाल."

मी म्हटलं, "वाचलो तर जाईन. म्हणून आधी आलो."

"मग बसा. सुरुवातीपासून सांगा. आधी कोणी मारलं?"

"मी."

"किती वेळा?"

मी विचारलं, "त्या दिवशी, की एकूण?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. वकील म्हणाले, "त्या दिवसापुरतं पुरे आहे, साहेब." हवालदारांनी नवीन कागद ओढला आणि ते म्हणाले, "एकूण सांगा."

सकाळी गेलो होतो, दुपारची पाळी बदलली तेव्हा उठलो. नळी, मूठ, दात. परीक्षेच्या आदल्या दिवशी दारात चिमटलेली बोटं. ती मी चुकून चिमटली असं सगळ्यांना माहीत आहे, तुला आणि मला सोडून. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामासमोर दिलेली थोबाडीत, ज्यानंतर ते परत आले नाहीत. मला आठवत गेलं. काही ठिकाणी हवालदार विचारत होते, "कारण?" आणि मला कारण सांगता येत नव्हतं. मार आठवतो, कारण आठवत नाही. त्या रकान्यात त्यांनी "आठवत नाही" असं लिहिलं, इतक्या वेळा की शेवटी नुसतं "आ. ना." लिहायला लागले.

आठ पानं झाली. वकिलांनी एक प्रत कोर्टात दिली, एक डॉक्टरबाईंच्या फाइलला लावली, एक तुझ्या साहेबांकडे येते आहे. वरच्या ओळीतच लिहून घेतलं आहे की हा फुगवटा माराचा नव्हे. उद्या टेबलावर माझं काहीही झालं तरी ते तुझ्या डोक्यावर येणार नाही. वकिलांना तुझ्या सुटकेची आशा वाटते, पण तारीख सांगत नाहीत. मी आग्रह केला नाही.

सही करताना मी म्हटलं, "खाली थोडी जागा सोडा. मला न आठवलेलं भावाला आठवत असेल."

हवालदार म्हणाले, "मोकळी जागा ठेवता येत नाही," आणि त्यांनी पानाच्या उरलेल्या भागावर तिरकी रेघ ओढली.

म्हणून या पत्रासोबत दोन कोरे कागद घालतो आहे. साहेबांनी ते काढून घेऊ नयेत. जे राहिलं असेल ते तू लिही, आणि कारण तुला माहीत असेल तर तेही लिही. मी शुद्धीवर आलो तर वहिनी मला वाचून दाखवेल. नाही आलो तरी वाचणार आहे म्हणते, मोठ्याने.

दादा